उताऱ्याखाली प्रश्न नसतात तेव्हा

दिवाळी अंकात माणसाने काहीतरी गोडधोड लिहावे असा संकेत आहे. फराळाचे ताट समोर असताना परीक्षेचा विषय काढणे म्हणजे लाडवात खडा घालणे, हे मला कळते. परंतु आमच्या रिसोडात दिवाळी आणि परीक्षा यांचा संबंध तसा जवळचा आहे. सोयाबीन घरात येते किंवा सरळ बाजार समितीच्या आवारात जाते, हातात चार पैसे खुळखुळतात, आणि त्याच पैशांतून आधी कपडे, मग फटाके आणि मग मुलाच्या शिकवणीची राहिलेली फी अशी विल्हेवाट लागते. दहावीचा मुलगा ज्या घरात आहे त्या घरात आकाशकंदिलाच्या उजेडात सुद्धा कुठला तरी प्रश्नसंच उघडा पडलेला असतो. तेव्हा त्या प्रश्नसंचाबद्दल दोन शब्द बोललो तर वाचकांनी रागावू नये.

मी या गावात पुष्कळ वर्षे इंग्रजी शिकवले. रिसोड हे वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही अकोल्याचे होतो. आमच्याकडे रेल्वे नाही, साहेबाचा वावरही फारसा कधी नव्हता. इंग्रजी आमच्याकडे आली ती कागदावरून, आणि राहिलीही कागदावरच. ती कानावर पडत नाही, तोंडात बसत नाही. ती फक्त वाचायची असते. म्हणून मी पूर्वीपासून समजत आलो की, आमच्या मुलांना इंग्रजीचे जे काही यायला हवे ते मुख्यतः वाचन आहे: समोर आलेला मजकूर वाचून त्याचा अर्थ समजून घेणे. परीक्षेतही त्याला मोठा मान आहे. आणि आज माझी तक्रार अशी आहे की, या उताऱ्यांच्या सरावाच्या नावाखाली आम्ही मुलांना वाचायला शिकवत नाही. न वाचता सुटायला शिकवतो. 'आम्ही' म्हणतो आहे, कारण त्या पापात मी वाटेकरी आहे.

गोष्ट सुरू झाली एका मुलापासून. सराव परीक्षेत पठ्ठ्याने उताऱ्याचा प्रश्न सात मिनिटांत सोडवला. मी म्हटले, "अरे, एवढ्यात वाचून तरी झाला का उतारा?" तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "सर, उतारा वाचाचा कायले? उत्तर त त्यातच असते ना!"

मी हसलो, वर्गही हसला. रात्री मात्र मला झोप लागली नाही. कारण मुलाचे म्हणणे खरे होते, आणि ते त्याला मीच शिकवले होते.

ज्यांनी अलीकडची कृतिपत्रिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात पाठ्यपुस्तकातले उतारे छापून देतात, एक कविता देतात आणि एक पुस्तकाबाहेरचा उतारा देतात. प्रत्येकाखाली लहानलहान कृती असतात. चौकटी भरा, जाळे पूर्ण करा, चूक की बरोबर ते लिहा, जोड्या लावा, अमुक अर्थाचा शब्द उताऱ्यातून शोधा. शेवटी तुमचे स्वतःचे मत विचारतात. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा सारांशही लिहायचा असतो. योजना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. घोकंपट्टी जावी आणि मुलांनी स्वतः काही करावे, असाच तो होता. पण आपल्या देशात कोणतीही चांगली योजना बाजारात पोहोचायला एक उन्हाळा पुरतो. पुढच्या जूनमध्ये तिचे गाईड निघते.

मग युक्त्या ठरतात. प्रश्न आधी वाचायचा. त्यातला जाडजूड शब्द पकडायचा. तो शब्द उताऱ्यात जिथे सापडेल त्या ओळीवर बोट ठेवायचे. ती ओळ पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत उचलून खाली लिहायची. सारांशाला पहिले वाक्य, मधले एक आणि शेवटचे घ्यायचे. 'तुमचे मत' या प्रश्नाला तर तयार मते मिळतात: झाडांवर एक, आईवर एक, मोबाइलवर एक, वेळेच्या महत्त्वावर एक. विषय कोणताही येवो, चार ओळींचे मत खिशातून काढून चिकटवायचे. पंधरा वर्षांच्या मुलाला आपण 'तुझे मत काय' असे विचारतो आणि त्याचे उत्तर पाठ करवून घेतो, याची आपल्याला लाज वाटत नाही.

हे कसे चालते ते पाहायचे असेल तर वाचकांनी फराळ बाजूला ठेवून पुढचा उतारा सोडवावा. मी तो वर्गासाठी रचला होता, आणि त्यात मुद्दाम एकही अर्थाचा शब्द येऊ दिला नव्हता. म्हणजे नामे, विशेषणे आणि क्रियापदे सगळी खोटी:

'कोंबट रिंगाड्याने काल तीन झुंबळ्या झिरपटल्या, कारण त्याच्या गोसड्याला फार धुमर लागली होती. उरलेली एक झुंबळी त्याने पेचाळात लिंबडली.'

आता प्रश्न. १. रिंगाड्याने किती झुंबळ्या झिरपटल्या? २. त्याने त्या का झिरपटल्या? ३. उरलेली झुंबळी त्याने कोठे लिंबडली? ४. रिंगाड्याचे विशेषण शोधा. ५. चूक की बरोबर ते लिहा: रिंगाड्याने सर्व झुंबळ्या झिरपटल्या.

तुम्हाला पाचपैकी पाच गुण मिळाले. अभिनंदन! आता मला एवढेच सांगा की, झुंबळी म्हणजे काय, आणि बिचाऱ्या गोसड्याचे शेवटी काय झाले?

माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी बहुतेकांना पूर्ण गुण मिळाले. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, "सर, मले काहीच नाही समजलं." मी तिला त्या दिवशी वर्गातली सर्वांत हुशार विद्यार्थिनी म्हणून जाहीर केले. कारण आपल्याला समजले नाही हे कळणे, हीच आकलनाची पहिली पायरी आहे. आणि आमच्या सरावाने इतरांची ती पायरीच काढून टाकली होती. उत्तर बरोबर आले म्हणजे समजले, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

कोणी म्हणेल, यात एवढे काय बिघडले? परीक्षा आहे, युक्ती आहे, गुण मिळतात. बिघडते कधी ते ऐका.

माझा एक जुना विद्यार्थी, इंग्रजीत चौऱ्याऐंशी गुण मिळवून पास झालेला. त्याच्या वडिलांनी कर्जावर ट्रॅक्टर घेतला होता. कर्ज देणाऱ्यांकडून एक पत्र आले, एका पानाचे, इंग्रजीत. वडिलांनी मोठ्या अभिमानाने ते मुलाच्या हातात दिले. घरात इंग्रजी आली होती ना! मुलाने ते वरून खाली पाहिले आणि "काही नाही, माहितीचं पत्र हाय" असे म्हणून परत केले. पत्र देवळीत गेले. चार महिन्यांनी हप्ता वाढून आला तेव्हा ते पत्र घेऊन बापलेक माझ्याकडे आले. त्यात सरळ लिहिले होते की, अमुक एक विमा तुमच्या कर्जाला जोडण्यात येत आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, 'फेलिंग विच' तुमची संमती आहे असे धरले जाईल. म्हणजे न कळवल्यास. सगळी मेख त्या दोन शब्दांत होती.

मी मुलाला विचारले, "हे तुला वाचता आले नाही?" तो खाली मान घालून बसला. नंतर जे बोलला ते मी अजून विसरलो नाही. म्हणाला, "वाचलं होतं सर. पण त्याच्याखाली प्रश्न नव्हते."

आयुष्यात येणाऱ्या उताऱ्यांखाली प्रश्न छापलेले नसतात, वाचकहो. प्रश्न आपणच विचारायचे असतात. हे मला कोणी लिहिले? का लिहिले? माझ्याकडून त्याला काय हवे आहे? मी गप्प बसलो तर काय होईल? हे प्रश्न ज्याच्या मनात उठतात तो वाचतो. ज्याच्या मनात उठत नाहीत तो अक्षरांवरून नुसता डोळा फिरवतो. दहा वर्षे आपण मुलाला दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे शोधायला बसवतो आणि अकराव्या वर्षी तो स्वतःला प्रश्न विचारत नाही म्हणून कपाळावर हात मारतो.

आणि गंमत अशी की, खरे वाचन कसे असते याचा नमुना त्याच घरात बसलेला होता. त्या मुलाचे आजोबा चौथी शिकलेले. मी त्यांना सातबाऱ्याचा उतारा वाचताना पाहिले आहे. होय, मराठीत त्यालाही उताराच म्हणतात. आजोबा चष्मा पुसून घेतात आणि कागद उजेडात धरतात. आधी गट क्रमांक बघतात, मग क्षेत्र. हेक्टर-आरमधला आकडा मनातल्या मनात एकरांत करून बघतात. भोगवटादारांत भावाचे नाव आहे की नाही, आकार किती, 'इतर हक्क' या रकान्यात कोणाचा बोजा चढला आहे का, फेडलेल्या कर्जाची नोंद अजून तशीच का दिसते, विहिरीचा उल्लेख आहे का, आणि बाराच्या तक्त्यात पीक जे पेरले तेच लिहिले आहे ना, हे सारे ते एकेक रकाना धरून तपासतात. एखादी नोंद खटकली की कागद खाली ठेवून म्हणतात, "हे असं कामून लिहिलं बाप्पा?" तो कागद ते पुनःपुन्हा वाचतात. जे लिहिले आहे ते वाचतात, आणि जे लिहायला हवे होते पण लिहिलेले नाही, तेही वाचतात.

याला आकलन म्हणतात. जगातल्या कोणत्याही विद्यापीठाने याहून मोठी व्याख्या करून दाखवावी. आजोबांना हे का जमते? एक तर भाषा त्यांची आहे, विषय त्यांच्या हाडामांसाचा आहे, आणि चुकले तर जमीन जाणार आहे. नातवाच्या उताऱ्यात यातले काहीच नाही. भाषा परकी, विषय कुठल्या तरी देशातल्या पेंग्विनचा, आणि चुकले तर अर्धा गुण जाणार.

हा रोग आमच्याच गावाला झालेला नाही, हेही सांगायला हवे. चीनमध्ये उच्च माध्यमिक शाळेच्या शेवटी जी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा होते, ती १९५२ साली सुरू झाली, सांस्कृतिक क्रांतीत १९६६ पासून बंद पडली आणि १९७७ साली पुन्हा सुरू झाली. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली. त्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी इंग्रजीला दीडशे गुण असतात आणि त्यातला मोठा वाटा वाचून समजण्याच्या प्रश्नांचा असतो. तिथल्या तालुक्याच्या गावातला मुलगाही आमच्या मुलासारखाच रोज उताऱ्यांमागून उतारे सोडवतो. या प्रकाराला त्यांच्याकडे जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'प्रश्न घासणे' असा होतो. आपण भांडी घासतो, ते प्रश्न घासतात. घासून घासून भांडे लख्ख होते, पण त्यामुळे त्यात स्वयंपाक शिजतो असे नाही. शिकवण्यांचा ताप इतका वाढला की २०२१ च्या जुलैत तिथल्या सरकारला नववीपर्यंतच्या मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधने घालावी लागली. मात्र एक गोष्ट त्यांच्या प्रश्नांत मला बरी वाटते. लेखकाचा रोख काय, या उताऱ्याला कोणते शीर्षक शोभेल, यावरून काय अनुमान निघते, असे प्रश्न तिथे ठरलेले असतात. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या त्या प्रश्नांनाही युक्त्या आहेतच. तरी निदान ओळ उचलून खाली ठेवण्याने तिथे भागत नाही.

आता माझ्यावर होणारे आक्षेप मीच मांडतो, कारण ते मला रोज ऐकू येतात.

पहिला आक्षेप पालकांचा. "गुरुजी, तुमचं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण आधी पोरगं पास झालं पाहिजे." मान्य. इंग्रजीत नापास होऊन ज्यांची वाट तिथेच खुंटली अशी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. ज्याला पस्तीस गुण गाठायचे आहेत त्याने खुशाल ओळी शोधाव्यात. बुडणाऱ्याला काठीचा आधार द्यावा, पोहण्याचे शास्त्र सांगू नये. माझे भांडण आहे ते पस्तीसवाल्याशी नाही, चौऱ्याऐंशीवाल्याशी आहे. किंबहुना त्याला चौऱ्याऐंशी देणाऱ्यांशी आहे. तो मुलगा पुढे अभियांत्रिकीला जातो, समोर जाडजूड इंग्रजी पुस्तक येते आणि त्यात प्रत्येक परिच्छेदाखाली प्रश्न नसतात. तिथे तो गुदमरतो. घरचे म्हणतात, शहराची हवा मानवली नाही. हवा कसली? त्याला वाचता येत नव्हते, आणि आपण त्याला तसे लेखी प्रमाणपत्र देऊन फसवले होते.

दुसरा आक्षेप जरा उच्चभ्रू आहे. "पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घाला, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही." २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहेच. प्रश्न उरला नाही का? २०२३ साली 'असर' या पाहणीने २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांची मुले तपासली. त्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता येत नव्हता. इंग्रजी वाक्ये वाचता आली ५७.३ टक्क्यांना, आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यातल्या ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. आता गुणाकार करून पाहा. शंभरातल्या बेचाळीस मुलांना सोप्या इंग्रजी वाक्याचा अर्थ कळतो. उरलेल्या अठ्ठावन्नांना आपण पेंग्विनचे उतारे देऊन बसवले आहे. आणि ज्याला मराठी परिच्छेद वाचून 'म्हणजे काय?' असे स्वतःला विचारायची सवय नाही, तो इंग्रजी परिच्छेदाला काय विचारणार? आकलन ही सवय आहे. ती एकदा एका भाषेत लागली की दुसऱ्या भाषेत बरोबर येते. पाया स्वतःच्या घरात घालावा लागतो. शेजाऱ्याच्या घरात घालून आपली भिंत उभी राहत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या वयाच्या लोकांचा. "आमच्या वेळी असं नव्हतं हो! आम्ही तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटली." त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. आपल्या वेळीही घोकंपट्टी होती, आणि ती करणारे आपणच होतो. त्या काळाचे नुसते गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु भाषांतरात एक गुण होता. वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय ते मराठीत आणताच येत नाही. तिथे ओळ उचलून खाली ठेवता येत नाही. ती पोटातून जावी लागते. कोंबट रिंगाड्याचे भाषांतर करून दाखवा पाहू! आजच्या पेपरात भाषांतराला पाच गुण आहेत, तेही सुटे शब्द, सोपी वाक्ये आणि एखादी म्हण एवढ्यापुरते. जे मुलाची परीक्षा खरोखर घेऊ शकले असते, ते कोपऱ्यात पाटावर बसवले आहे.

तर मग मला हवे आहे तरी काय? माझ्या मागण्या लहान आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

परीक्षा मंडळाला माझे सांगणे असे की, प्रत्येक उताऱ्याखाली एक तरी प्रश्न असा घाला, ज्याचे उत्तर उताऱ्यातली कोणतीही ओळ जशीच्या तशी उचलून लिहिता येणार नाही. आणि एक कृती अशी द्या की, 'हा परिच्छेद तुमच्या आजीला मराठीत चार वाक्यांत सांगा.' गाईडवाल्यांना याची उत्तरे छापणे जरा जड जाईल. पुस्तकाबाहेरचा उतारा पेंग्विनचा असला तर असू द्या, पण अधूनमधून औषधाच्या बाटलीवरचा, कर्जाच्या पत्रातला, प्रवेशाच्या नियमावलीतला, भाड्याच्या करारातलाही येऊ द्या. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीस-बावीस शेतकरी आणि मजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. ती सगळी वाचनावर ढकलण्याइतका मी मूर्ख नाही. परंतु फवारणीच्या औषधासोबत येणाऱ्या घडीच्या कागदावर विषबाधेवरचा उपाय छापलेला असतो, आणि त्यालाही मराठीत उताराच म्हणतात. तो उतारा वाचता येणे याला किती गुण द्यावेत, हे मंडळाने ठरवावे.

माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती अशी की, आठवड्यातून एक तास प्रश्नांवाचूनचा ठेवा. उतारा द्या आणि प्रश्न मुलांना काढू द्या. मी हे निवृत्तीच्या आधीची दोन वर्षे केले. पहिल्या दिवशी मुलांनी 'अमुक कोठे राहत होता' असलेच प्रश्न काढले. दोन महिन्यांनी त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने एका धाडसी बालवीराच्या गोष्टीखाली प्रश्न लिहिला, 'तो नदीत पडलाच कसा? पुलाले कठडा नव्हता काय?' इंग्रजी मोडकेतोडके होते. पण उतारा तिने वाचला होता, आणि त्यात जे लिहिले नव्हते तेही वाचले होते, तिच्या आजोबांच्या पिढीने सातबारा वाचावा तसे.

आणि शेवटी तुम्ही, ज्यांच्या घरात हा अंक आज फराळाच्या ताटाशेजारी पडलेला आहे. मुलाला किती गुण पडले हे तुम्ही नेहमीच विचारता. या सुट्टीत एकदा ते विचारू नका. घरात आलेला कुठलाही इंग्रजी कागद घ्या, विम्याचा, विजेच्या बिलामागचा, नव्या मिक्सरच्या खोक्यातला, आणि त्याला म्हणा, "बाळ, यात काय लिहिलं आहे ते आम्हाला सांग." तो अडखळेल. अडखळू द्या. "हे मले नाही समजलं" असे म्हणाला तर रागावू नका, त्याला एक अनारसा जास्त द्या. मग दोघे मिळून शब्दकोश काढा. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आईवडिलांनी तर हे अवश्य करावे. कारण ऐकणाऱ्याला खरोखर ठाऊक नसले म्हणजे सांगणाऱ्याला खरोखर समजून घ्यावे लागते. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते, त्यामुळे त्याला फसवता येते. आईला फसवणे तितके सोपे नाही, ती लगेच विचारते, "म्हणजे काय रे?"

तो ट्रॅक्टरवाला मुलगा हल्ली कधीमधी माझ्याकडे येतो. गावातल्या लोकांची पत्रे, नोटिसा घेऊन येतो, कारण आता लोक त्याच्याकडे कागद आणतात. परवा असाच एक कागद घेऊन आला. मी चष्मा शोधत होतो तोवर त्याने आधीच पेन्सिलीने त्याखाली पाच प्रश्न लिहून आणलेले होते. तीन प्रश्नांची उत्तरे त्याची त्यालाच आली होती. उरलेल्या दोघांवर आम्ही दोघे संध्याकाळपर्यंत बसलो.